दुपारी दोनपर्यंत कोपनहेगन

सोमवार, ७ ऑक्टोबर

आज लिहू, उद्या लिहू करत तीन दिवस घालवले. वही पिशवीत होती, पेन खिशात होतं. सबब एकही नाही. शुक्रवारचं लिहायचं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी हॉस्पिटलात बोडिलने आयनारकडे नीट बघितलं. बोडिल माझी थोरली बहीण, आयनार तिचा तीन महिन्यांचा मुलगा. बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "हा माझा नाही. कुणीतरी बदललाय." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. तेव्हापासून भेट बंद. एल्नाचीही. एल्ना, तिची थोरली मुलगी, तर तीन वर्षांची आहे, तिला कोण बदलणार!

नर्स म्हणाली हे आजारपण आहे, बाळंतपणानंतर काहींना होतं, बरं होतं. कधी? "ते नाही सांगता येत." बोडिलला तिकडून, समुद्रकाठच्या आमच्या गावाहून, इथे कोपनहेगनला हलवलं म्हणून मी दोन्ही पोरं घेऊन आगगाडीने आलो. पोरांचा बाप ग्रीनलंडकडे मासेमारीच्या बोटीवर. फोन वाजतो, तो उचलत नाही.

उतरलोय गुनवोरकडे. एका हिवाळ्यात मी फेरीबोटीवर भांडी घासायचो, ती तिथली मुख्य आचारी होती. आता सत्तरीची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत. "चोवीस वर्षांचा घोडा, आणि डायपर उलटा लावतो!" हे आल्या आल्या. चौथा मजला, लिफ्ट नाही. एल्ना उड्या मारते, खालचा माणूस काठीने छत ठोकतो. भेटीची वेळ दोनची. म्हणजे रोज सकाळपासून दोनपर्यंत पोरांना घेऊन बाहेर. राजधानी दाखवायची! दुसरं काय करणार.

राहिलंच. येत्या शुक्रवारी अकराला नगरपालिकेची उल्ला येणार, मुलांचं प्रकरण तिच्याकडे आहे. तोवर बोडिल बाळाला जवळ घ्यायला तयार झाली तर हॉस्पिटल मायलेकांना एक खोली देणार, एल्नाला रोज भेटता येणार. नाही झाली तर आयनार फ्यून बेटावर एका कुटुंबात आणि एल्ना दुसऱ्याच कुठल्या घरी. दोघं एकत्र घेणारं घर सध्या नाही म्हणे.

मी उल्लाला फोनवर विचारलंच, पोरं माझ्याकडे राहिली तर? ती म्हणाली, "एस्किल, तुझा कायमचा पत्ता काय?" पत्ता कसला, आज ही बोट, उद्या ती.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

जलपरी बघितली. बंदराच्या कडेला दगडावर बसलेली, सगळं जग जिचे फोटो काढतं ती. एल्ना म्हणाली, "एवढीशीच?" मग म्हणाली, "हिची आई कुठाय?" एक जपानी आजी हसल्या, त्यांना काय कळलं देव जाणे.

तिथून पायी राजवाड्यापर्यंत. बाबागाडी गुनवोरच्या शेजारणीकडून आणलेली, मोठ्या चाकांची, काळ्या टपाची, दगडी रस्त्यावर अशी हादरते की आयनार गाढ झोपतो. बारा वाजता पहारा बदलतो. अस्वलाच्या कातडीची टोपी घातलेला शिपाई ताठ उभा, आणि एल्ना त्याच्या बुटांजवळ जाऊन, "काका, मला शू आलीय." तो हलला नाही. मिशी मात्र हलली! शौचालय सापडेपर्यंत उशीर झाला. ओल्या चड्डीतच हॉस्पिटल.

वाटेत एक निळी मालवाहू बोट दिसली, पोर्तुगालची. तिच्यावरच्या गडबडीकडे बघत मी पंधरा मिनिटं उभा राहिलो. नोव्हेंबरात तिकडे संत्री उतरवायला माणसं लागतात. उगाच आठवलं. नाही, उगाच नाही. रोज आठवतं.

दोन वाजता नर्स दारातच आली. मान हलवली. एल्नाने काढलेलं चित्र घेतलं, पाच मिनिटांनी परत आणून दिलं. "आज नको म्हणाली."

बुधवार, ९ ऑक्टोबर

एल्नाला टिवोलीचे, म्हणजे इथल्या जत्रेसारख्या बागेतले, पाळणे कबूल केले होते. गेलो तर फाटक बंद! उन्हाळ्याचा हंगाम संपला, पुढचा सुरू व्हायचाय. मधल्या चार दिवसांतच आम्ही बरोबर टपकलो. डेन्मार्कमध्ये जन्मलो, वाढलो, आणि हे मला ठाऊक नाही! एल्ना फाटकाच्या सळ्या धरून अर्धा तास रडली. तिला लाल सॉसेज घेऊन दिलं, ते सीगल पक्ष्याने उचललं.

मग कालव्यातली बोट. पूल इतके ठेंगणे की डोकी खाली करावी लागतात. माईकवाली पोरगी ओरडली, "उंच माणसांनो, जीव प्यारा असेल तर वाका!" सगळे वाकले आणि नेमका त्याच वेळी आयनार उठला. तासभर रडला. मी बाटली हॉस्पिटलच्या पिशवीत विसरलो होतो, पिशवी गुनवोरकडे. समोरची बाई नवऱ्याला म्हणाली, "एवढ्या लहान पोरांना घेऊन फिरायचं कशाला?"

अहो बाई.

बुधवार, जेवणाआधी

आजही नाही म्हणाली. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे पहिल्यांदाच. वाईट लक्षण.

गुनवोर म्हणते, "तू तिच्याशी फोनवर बोल की." काय बोलू? की तुझा मुलगा रोज राजवाडे बघतोय? "ते तरी बोल," म्हणाली, आणि बटाटे सोलत बसली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

क्रमाने लिहितो.

सकाळी बारीक पाऊस. राजाची बाग दाखवायची ठरवली, तिथे जुना छोटा किल्ला आहे, राजमुकुट ठेवलेला. वाटेत बेकरी लागली. आयनार झोपलेला, म्हणून बाबागाडी बाहेर खिडकीखाली लावली. आपल्याकडे सगळे लावतात. थंड हवेत पोरं चांगली झोपतात, आत भट्टीजवळ कोण नेणार? मी असाच झोपलो, बोडिल अशीच झोपली. बाहेर आणखी एक गाडी होती, तीही काळ्या टपाची, तिच्यावरही पावसाचं प्लास्टिक. मी पाहिली होती. पाहून सोडून दिली.

आत दालचिनीचा गुंडाळलेला गोड पाव घेतला. काउंटरवरची मुलगी माझ्याच गावाकडची निघाली, बोलण्यावरून ओळखली. मग काय! तिचा मामा, माझा शाळामास्तर, कोणाची बोट बुडाली, कोणाचं लग्न. एल्ना हात ओढत होती, "मामा, चल ना, मुकुट!" बाहेर आलो तर रस्त्यावरून एक माणूस सायकलच्या पुढच्या पेटीत अख्खा घोडा घालून चालला होता, लाकडी, जत्रेतल्या पाळण्याचा. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत गाडी ढकलत निघालो.

टपाखाली बघितलं नाही. झोपलेल्या पोराला उगाच बघायचं नाही, उठतं.

बागेत किल्ल्यासमोर गाडीतून रडणं आलं. जाडं, रागीट. मला वाटलं, वा, आवाज सुटला पठ्ठ्याचा! प्लास्टिक उचललं. एल्ना टाळ्या पिटत ओरडली, "मामा! आयनारला दात आले!"

दोन दात. खालचे.

मी कधी एवढा धावलो नाहीये. एल्ना खांद्यावर, गाडी पुढे, ते दुसऱ्याचं पोर आत उसळतंय. बेकरीसमोर पोलीस, आणि एक बाई पावसात पायरीवर बसलेली, मांडीवर आमचा आयनार, तिच्या कोटात गुंडाळलेला. तिने आपलं पोर उचललं, नाक-कान-बोटं सगळं चाचपलं. मला शिव्या देईल वाटलं. एवढंच म्हणाली, "तुझा रडत होता. म्हणून घेतला."

पोलिसाने लिहून घेतलं. नाव. मुलांशी नातं. आई कुठे? बाप कुठे? कायमचा पत्ता?

चार वाजता उल्लाचा फोन. तिच्याकडे पोचलंही होतं. आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त लागलं. "एस्किल, तू वाईट नाहीस. पण उद्याचं आता तुलाही कळत असेल." मग म्हणाली, बोडिलला हे सांगणं तिच्यावर बंधनकारक आहे, आई आहे ती. मी म्हटलं, नका सांगू! पोर बदललं असं वाटतं, तोच तर तिचा आजार आहे, आणि तुम्ही तिला सांगणार की खरंच बदललं होतं? "सांगावंच लागतं," उल्ला म्हणाली.

आज दोन वाजता हॉस्पिटलात गेलोच नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

गुनवोरने पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मासा तळला आणि समोर ठेवला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

सकाळी एल्नाचे कपडे वेगळ्या पिशवीत भरले, आयनारचे वेगळ्या. एल्ना बघत होती. "माझी पिशवी त्याच्याहून मोठी आहे," खुशीत म्हणाली. ती कुठे जाणार ते तिला सांगितलं नाही. आईकडे जायचंय, असं तिने स्वतःच ठरवून टाकलंय.

खरं लिहितो. रात्री मला हलकं वाटलं होतं. उद्यापासून मी मोकळा, निळी बोट, संत्री. सकाळी आयनारने माझं बोट धरलं तेव्हा ते हलकं वाटणं पुन्हा शोधून पाहिलं. सापडलं नाही. त्याने काय होणार? अकराला उल्ला येईल, आणि ती बरोबरच आहे.

दहा वाजलेत. आज कुठे फिरायचं नाही. एल्ना विचारतेय, आज काय बघायचं? काही नाही, राणी.

शुक्रवार, साडेदहा

बेल वाजली. मला वाटलं उल्ला लवकर आली. गुनवोरने खिडकीतून वाकून पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिली.

बोडिल आलीय! उल्लाने तिला कालचं सांगितलेलं दिसतंय. खाली टॅक्सीपाशी नर्स उभी आहे, आणि ही चार मजले चढून आलीय, हॉस्पिटलच्या सपाता, वरून कोट. दारात धापा टाकतेय. मला ओलांडून आत बघतेय, डोळे लाल, आणि ओरडतेय माझ्यावर, लहानपणी ओरडायची तश्शी: "गाढवा, आण इकडे त्याला! मला बघू दे, माझाच आणलायस ना परत?"