हिरवी बत्ती होईपर्यंत

झाशी, रेल्वे क्वार्टर्स
ता. ९ जानेवारी १९३२

ती. गं. भा. जानकीआत्यास,
इंदूचे कृतानेक सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण दिवसा लिहायला बसले की डोळे मिटतात. मधू रोज पहाटे चारला उठतो. पावणेतीन वर्षांचा झाला, पण एकदा टक्क जागा झाला की या एका खोलीत कोणालाच झोप नाही. रात्री दहापर्यंत जागवून पाहिले, तरी चार म्हणजे चारच.

हे एक दिवसाआड पहाटेच्या मालगाडीवर गार्ड म्हणून जातात. मधला दिवस झोपेचा, तोही मधू खातो. परवा गाडीत बसल्या बसल्या यांचा डोळा लागला. ड्रायव्हरने तीनदा शिटी दिली, तेव्हा कुठे बत्ती दाखवली. साहेबांची लेखी ताकीद आली आहे. पुन्हा घडले तर नोकरी राहणार नाही. सागरहून सासूबाईंनी कळवले, की होळी झाली की केशवराव भावजी येऊन मधूला वर्षभरासाठी घेऊन जातील. यावर हे काही बोलले नाहीत. न बोलणे म्हणजे यांचा होकार.

शेजारच्या ललाइनजींनी अफूची बारीक गोळी दिली आहे. त्यांची चारही मुले म्हणे त्यावरच वाढली. ती डबीत ठेवली आहे. तुमच्या वर्गात चाळीस मुले असतात. मला एकाचे तरी सांगा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
इंदू


पुणे
ता. १४ जानेवारी १९३२

चि. सौ. इंदूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे वाक्य संपताच ऊठ आणि ती गोळी राखेत कालवून फेकून दे. अफूने मूल झोपत नाही, निपचित पडते. काही तर पुन्हा उठतच नाहीत. फेकलीस? आता बस.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जागवलेले मूल जास्त झोपेल असे आपल्याला वाटते, पण घडते उलट. फार दमलेल्या मुलाची झोप सावध होते आणि पहाटेच्या जराशा चाहुलीने मोडते. माझ्या वर्गात दुपारी जी मुले चिडचिडी होतात, त्यांच्या घरी चौकशी केली तर ती हटकून उशिरा निजणारी निघतात! विषय मोठा मनोरंजक आहे.

पण पाहिल्यावाचून उपाय नाही. सात दिवस लिहून ठेव: निजला केव्हा, उठला केव्हा, दुपारी किती झोपला, आणि मुख्य म्हणजे जाग आल्यावर त्याला पहिल्यांदा काय मिळते.

माया आहेच, ती कमी न होवो.
तुझी आत्या


झाशी
ता. २४ जानेवारी १९३२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

टिपण सोबत जोडले आहे. रोज एकच हकिकत. ड्यूटीच्या दिवशी हे रात्री नऊला घरी येतात. त्यांना मधू जागा दिसला पाहिजे, म्हणून त्याला तोवर खेळवते, साडेनऊला निजतो; आरामाच्या दिवशीही तीच सवय. चारला उठला की गप्प बसावा म्हणून साखर घातलेले दूध देते. हे घरी असले तर मांडीवर घेऊन गार्डाच्या बत्तीच्या काचा फिरवून दाखवतात, तांबडी, हिरवी. लिहिताना माझीच मला लाज वाटली. आमच्याकडे चारला रोज जत्रा भरते, आत्या.

होळीला दोन महिनेही उरले नाहीत. सासूबाईंनी मधूसाठी खाट विणायला टाकली आहे.

रागावू नये, इतकीच विनंती.
इंदू


पुणे
ता. २९ जानेवारी १९३२

चि. सौ. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

रागावू कशाला? इतके स्वच्छ टिपण माझ्या शिकाऊ शिक्षिकाही करत नाहीत! पहाटे आपण सगळेच अर्धवट जागे होतो आणि कूस बदलतो. मधू कूस बदलत नाही, कारण जत्रा चुकेल.

निजण्याची वेळ रोज पाव तास अलीकडे आण, सातपर्यंत. दुपारची झोप दोनच्या आत उरकू दे. उजाडेपर्यंत दूध नाही, मांडी नाही, बोलणे नाही. पाठीवर नुसता हात. आणि बत्ती त्याला आवडतेच, तर तिलाच कामाला लावू. एक जुनी बत्ती मिळव. तांबडी असेतो पडून राहायचे, हिरवी झाली की उठायचे. पहिल्यांदा साडेचारलाच हिरवी कर, म्हणजे त्याला जिंकल्यासारखे वाटेल. मग तीन तीन दिवसांनी पाव तास पुढे.

धीर आणि लोभ दोन्ही असू दे.
तुझी आत्या


झाशी
ता. १७ फेब्रुवारी १९३२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लक्ष्मी गेटला जुने सामान विकणाऱ्या कबाड्याकडून बत्ती आणली. सगळे तुम्ही सांगितले तसे केले. एक दिवस मधू साडेपाचपर्यंत झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चारला उभा. माझा धीर सुटला होता. तुमच्यापासून लपवत नाही: ती गोळी मी फेकली नव्हती. सोमवारी पहाटे चारला ती बोटावर घेऊन मी मधूच्या खाटेशी बसले होते.

तेवढ्यात हे ड्यूटीवर निघाले. दारात थांबले, वळले आणि हातातली बत्ती हिरवी करून खाटेकडे हलवली. मधू डोळे चोळत उठला, अगदी आज्ञाधारकपणे.

मी विचारले तर म्हणाले, की हिरवी दाखवल्याशिवाय गाडी निघत नाही, तसा आपला पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. मधू जन्मल्यापासून आपण असेच निघतो. त्याने पाहावे म्हणून नव्हे, आपण सुखरूप परत यावे म्हणून. मी रोज त्या वेळी पाठमोरी चुलीशी असते, म्हणून कधी पाहिले नव्हते. गोळी तेवढी या वेळी खरोखर राखेत कालवली. तुम्हीच यांना लिहा. माझ्याच्याने होणार नाही.

क्षमा असावी.
इंदू


पुणे
ता. २१ फेब्रुवारी १९३२

चि. वामनराव यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपली चूक काढण्यासाठी हे लिहीत नाही. मधू आपली बत्ती बरोबर वाचतो. त्याचा दोष इतकाच, की तो गार्डाचा मुलगा आहे. आपण चारला त्याला उठण्याची आज्ञा देता आणि तो ती पाळतो; परवापरवापर्यंत तर आरामाच्या दिवशीसुद्धा सवयीने पाळत होता.

आपणांस दोन गोष्टी सोडाव्या लागतील. निघताना हिरवी, आणि रात्री आल्यावर त्याचे जागे मुख. दोन्ही जड आहेत, हे मी जाणते. त्यांच्या बदल्यात आरामाच्या सकाळी मधू आपला, उजेडात, पोटभर झोपलेला. उंबऱ्याशी हिरवी दाखवायचीच असेल तर मधूऐवजी इंदूला दाखवा, अंगणात. परतण्याची वाट तीही पाहते.

हे म्हातारीचे मागणे मान्य व्हावे.
जानकी


झाशी
ता. २६ मार्च १९३२

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

महिना झाला, हे अंगणात येऊन मला हिरवी दाखवतात. ललाइनजी हसतात. हसोत.

होळी झाली आणि काल संध्याकाळी केशवराव भावजी आले. आज साडेपाचच्या गाडीने मधूला न्यायचे ठरले होते. मधू सुधारला आहे हे मी पत्राने कळवले होते, पण सासूबाईंचा विश्वास बसला नव्हता. पाचला टांगा दारात. खाटेवर मधू झोपलेला, शेजारी हे झोपलेले, आज यांचा आरामाचा दिवस. भावजींनी हळूच विचारले, की पोराला उचलू का. मी बत्तीकडे बोट दाखवले आणि सांगितले, की ती तांबडी असेतो या घरात कोणी उठत नाही. टांगेवाला भैया दोनदा ओरडून गेला. भावजी ट्रंकेवर बसून दोघांचे घोरणे ऐकत राहिले. गाडीची शिटी झाली, तरी उठले नाहीत.

सहाला मी काच फिरवली. मधू उठून बसला आणि काकांना म्हणाला, की हिरवी झाली, आता तुम्ही जा. भावजी इतके हसले, की चहा सांडला. आईला सांगतो म्हणाले, की तिच्या नातवाने गाडी चुकवली. सासूबाईंनी विणून घेतलेली खाट आता ते स्वतःसाठी ठेवणार आहेत.

आठ वाजले. मधू अंगणात खेळतो आहे. यांना मात्र अजून मी हिरवी दाखवलेली नाही.

तुमचा हात असाच पाठीवर राहो.
इंदू