बाईंच्या नावाचं फूल

बाई, तुमच्या नावाचं एक फूल निघालंय. म्हणजे अजून छापून यायचं आहे, पण आता ते नक्की आहे. पिवळं आहे, करंगळीच्या नखाएवढं. राहतं हिमालयात, जिथे झाडं संपतात, गवतही हात टेकतं आणि नुसती दगडांची घसरण उरते, तिथे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हल्लीच्या मुलांना तुमचा फोटो दाखवून सांगावं लागतं, या आमच्या बाई, या कॉलेजात वनस्पतिशास्त्र यांनी उभं केलं. त्यांना फोटोत साडीवर चढवलेला पुरुषी कोट आणि पायातले बूट दिसतात, आणि हसू येतं. तर अशा तुमचं नाव एका फुलाला मिळतंय म्हटल्यावर मी गल्लीभर पेढे वाटायला हवे होते. तसं काही झालं नाही. माझ्या पोटात दुखलं. कारण ते फूल मी शोधलं नाही, मुरूडने शोधलं.

तुम्ही आम्हाला गावांच्या नावाने हाका मारायचात. वर्गात एकाच नावाच्या चार मुली निघाल्या तेव्हा तुम्ही वैतागून सगळ्यांचीच नावं रद्द करून टाकलीत. मग कुणी थळ झाली, कुणी पाली, ती मुरूड आणि मी नागाव. मुरूड कोळीवाड्यातली, खणखणीत आवाजाची, एसटीतून उतरली की दारापासूनच बोलत यायची. मी वाडीतली, सुपारीच्या सावलीत वाढलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. पहिलं वर्षभर तुमची लाडकी मीच होते, हे तुम्ही नाही म्हणालात तरी मला ठाऊक आहे. प्रॅक्टिकलला झाडाची फांदी टेबलावर पडायचा अवकाश, मी नाव सांगून मोकळी. एकदा तुम्ही किनाऱ्यावरचं एक रोपटं ठेवलंत आणि मी लांबूनच नाव ठोकून दिलं. ते चुकलं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "नागाव, तुला नाव सांगायची हौस आहे, बघायची नाही. आधी काय दिसतं ते सांग." आणि मग वळून म्हणालात, "मुरूड, तू सांग." मुरूडला नाव येत नव्हतंच. पण पानाची कड कशी आहे, देठावर लव कुठल्या बाजूला झुकलीय, ते तिने असं सांगितलं की तुम्ही खडू खाली ठेवलात. ती तुमची खडू खाली ठेवायची तऱ्हा. माझ्यासाठी तो तुम्ही कधी ठेवल्याचं मला आठवत नाही.

तरी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बरोबरीच्या होतो. श्रावणात आपल्या किनाऱ्यावर कपडे वाळत नाहीत, तिथे दाबलेली फुलं कुठून वाळणार? रोज सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे, नाहीतर बुरशी. तुम्ही एका शेगडीवर चहा ठेवता आणि दुसऱ्या शेगडीवर तवा, आणि तव्यावर वर्तमानपत्रं शेकवून आमच्याकडे देता. मी ओले कागद काढते, मुरूड गरम कागद घालते. फडताळात वरच्या फळीवर, सुकटीच्या डब्याशेजारी, तुमचा हिमालय बांधून ठेवलेला. कॉलेजच्या हर्बेरियममधल्या, वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या तुमच्या जुन्या शीट्सना अजून तो वास येतो. बाहेरचे तज्ज्ञ येतात तेव्हा मी खिडक्या उघडून ठेवते. त्या स्वयंपाकघरातच तुम्ही एका दुपारी म्हणालात, "येत्या पावसाळ्यात दोघींना घेऊन जाते वर. घरी विचारा." मी घरी विचारलं नाही, घरी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. शेवटच्या गावापासून आपण चढायला लागलो आणि दुसऱ्याच मुक्कामाला माझं डोकं फुटायला आलं. पोटात पाणी ठरेना. तुम्ही माझ्या डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितलंत, नाडी बघितलीत आणि म्हणालात, "तू खाली जायचंस. आत्ता." मी रडले, तर म्हणालात, "रडून उंची कमी होत नाही." खेचरवाल्याबरोबर मला खालच्या गावात पाठवलंत. मुरूडला काय झालं? काही नाही. समुद्राच्या पातळीवर जन्मलेली, माझ्याइतकीच, जिने मुरूडच्या खडकांपेक्षा उंच काही पाहिलं नव्हतं, तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. मी खालच्या गावात एका घराच्या ओसरीवर बसून कुरणातली फुलं दाबत राहिले आणि वर ढगांकडे बघत राहिले. तुम्ही दोघी उतरून आलात तेव्हा दोघींच्या नाकाची सालपटं निघालेली, ओठ फुटलेले, आणि दोघी कशावरून तरी हसत होतात. मला बघून हसू आवरलंत. मी विचारलं काय झालं, तर मुरूड म्हणाली, "काय न्हाय गो, वरचंच काहीतरी." ते वरचंच काहीतरी काय होतं ते मी पुढे कधी विचारलं नाही. पण बाई, ते आवरलेलं हसू मला आजही सलतं.

त्यानंतर दर पावसाळ्यात तुम्ही तिलाच नेलंत. मला म्हणालात, "तुझी नजर चांगली आहे, पाय समुद्रसपाटीचे आहेत, त्याला कोण काय करणार. किनाऱ्यावर काम काय कमी आहे?" खरंच कमी नव्हतं. मी खाडीकाठचं खाजण बघितलं, वाळूतल्या वेली बघितल्या, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमची जागाही मलाच मिळाली. तुमची खुर्ची, तुमचं कपाट, सगळं. मुरूड पहाडातल्या विद्यापीठात गेली ती तिकडचीच झाली. लोक मला म्हणायचे, बाईंचा वारसा तू चालवतेस. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, वारसा वर गेलाय, इथे नुसतं कपाट आहे. तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज संध्याकाळी यायचे, पेज भरवायचे, केस विंचरायचे. एकदा मुरूडचा फोन आला. तुमच्याने धरवत नव्हता, म्हणून मी तुमच्या कानाशी धरून उभी राहिले. ती कुठल्याशा खिंडीत काय काय फुललंय ते सांगत होती, आणि इतक्या दिवसांत मला न दिसलेला तुमचा चेहरा मला तेव्हा दिसला. हात अवघडला तरी मी फोन धरून राहिले. तुम्ही हसत होतात. तेव्हा तो फोन खिडकीतून भिरकावून द्यावासा वाटला होता मला.

तर दिवाळीनंतर तिचं पार्सल आलं. आत पुठ्ठ्यात दाबलेल्या शीट्स, आणि मागोमाग फोन. "काय गो नागाव, जगतेस ना? ती पिवळी बघ. सॅक्सिफ्रागा हाय, पण कशात बसत न्हाय. बाईंचं नाव द्यायचंय हिला. छापायला पाठवायच्या आधी तुझी नजर फिरू दे, तुझ्याइतकी खवट नजर कुणाची न्हाय." सॅक्सिफ्रागा म्हणजे तुमचीच आवडती, खडकांच्या भेगांत वाढणारी, पाषाणभेदाच्या भाऊबंदांतली. तिचं म्हणणं असं की ही अंगठ्याएवढीच वाढते आणि हिच्या देठावर दाट तांबूस लव आहे, म्हणून ही वेगळी जात. मी पार्सल जेवणाच्या टेबलावर तसंच ठेवलं. आमचे हे म्हणाले, "उघडून बघ तरी, बॉम्ब नाहीये तो." मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं." तर हे म्हणाले, "एवढी तोंड वाकडं करून बसलीयेस, मग कळायला काय राहिलं?"

दुसऱ्या दिवशी शीट्स घेऊन कॉलेजात गेले. आता खरं सांगते, मी ते फूल बघायला बसले नव्हते, खोट काढायला बसले होते. आणि ती मला तासाभरात सापडली. तुमचंच तर वाक्य होतं, की उंचीवर झाड ठेंगू होतं, नवीन होत नाही. खाली वीतभर वाढणारं रोप वर थंडीने खुजं होतं, अंगावर जास्त लव धरतं, आणि उत्साही माणसाला वाटतं आपल्याला नवी जात गवसली. पहाडात काम करणाऱ्यांची ही ठरलेली चूक, आणि तीच मुरूड करत होती. खालच्या कुरणात मिळते ती नेहमीची पिवळी, तिचंच हे थंडीने आखडलेलं रूप, असं मला स्पष्ट दिसलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मी स्टाफरूममध्ये जाऊन चहा मागवला, बरोबर वडा मागवला. इतका चवीने वडा मी कित्येक दिवसांत खाल्ला नव्हता.

पण नुसतं ठेंगू आहे म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून तुम्ही त्या पहिल्या खेपेला आणलेली नेहमीच्या पिवळीची शीट काढली. तिचं एक फूल आणि मुरूडचं एक फूल, दोन्ही गरम पाण्यात भिजत टाकली. वाळलेल्या पाकळ्या भिजल्या की सुटतात. तुमच्या फुलाची पाकळी मायक्रोस्कोपखाली पसरली, तर बुडाशी दोन बारीक फुगवटे, जसे पुस्तकात सांगितलेत तसे. मग मुरूडची पसरली. बूड सपाट. मला वाटलं पाकळी नीट भिजली नसेल. दुसरं फूल घेतलं, सपाट. दुसऱ्या शीटवरचं घेतलं, सपाट. मी तिच्या फुलांमागून फुलं भिजवत गेले, फुगवटे दिसावेत म्हणून अक्षरशः देव पाण्यात घालून बसल्यासारखी. एकातही नाहीत. थंडीने देठ खुजा होतो, लव वाढते, पण पाकळीच्या बुडाचे फुगवटे थंडीने पुसले जात नाहीत. जात नवीच होती. आणि मुरूडला ते माहीतच नव्हतं. ती उंची आणि लव धरून बसली होती, पाकळी तिने सोडवूनच पाहिली नव्हती.

मला दोन वाटा दिसत होत्या. तिला नुसतं कळवायचं की अगं, हे ठेंगू रूप आहे, सोडून दे. तिने सोडलं असतं, माझ्या नजरेवर तिचा तुमच्याइतका विश्वास आहे. किंवा काहीच न बोलता छान आहे म्हणून पाठवून द्यायचं. मग तिने उंचीच्या आणि लवेच्या जोरावर छापलं असतं, आणि उद्या कुणीतरी हुशार माणसाने त्या खुजेपणावर बोट ठेवून ती जात नेहमीच्या पिवळीत जमा केली असती. तुमचं नाव दुसऱ्या नावाखाली गाडलं गेलं असतं, रद्द म्हणून. दोन्ही वाटांनी मुरूडची फजिती होत होती, आणि दोन्ही वाटांनी फूल तुमच्या हातून जात होतं. तिचं वाईट करायचं तर तुमचं करावं लागत होतं. मी पाकळ्यांचे फोटो काढले आणि तिला फोन लावला.

मी सगळं सांगितलं. तुझा देठ काही कामाचा नाही, तुझी लव काही कामाची नाही, पण पाकळीचं बूड बघ. तिने आधी फोटो पाठवायला लावले. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं वर जाते आणि मी पाकळी सोडवली न्हाय. बाईंनी फटकावलं असतं मला." मी म्हटलं, "तुला कशाला फटकावतील, तुला कधी फटकावलं त्यांनी?" माझ्या आवाजात जे होतं ते तिला ऐकू आलं असणार, पण ती दुसरंच बोलली. "ऐक, हे आता माझं एकटीचं न्हाय. पुरावा तुझा हाय. तुझं नाव पण लागेल." तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या शास्त्रात जातीच्या नावानंतर ती पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याचं नाव लागतं आणि कायमचं राहतं. जिथे जिथे कुणी ते फूल ओळखेल, शीटवर लिहील, तिथे आधी तुमचं नाव, आणि त्याला लागून आमचं.

माझ्या जिभेवर 'नाही' आलं होतं. डोंगर तुझा, पाय तुझे, मी टेबलावर बसून पाकळी भिजवली, असं म्हणणार होते, आणि ते शोभलंही असतं. पण मी हो म्हटलं. ती फोनवर रडायला लागली, म्हणाली, "नागाव, तुझं मन मोठं हाय. बाईंना किती बरं वाटलं असतं." घरी आल्यावर यांनी विचारलं काय झालं, यांनाही तेच वाटलं, की जुन्या मैत्रिणी एक झाल्या. मीही तसंच वाटू दिलं.

हे तुम्हाला लिहिते आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. तुमच्या घराच्या जागी आता लॉज आहे, तिथला मॅनेजर घेईलही पाकीट, बिचारा. तर ऐका, बाई. मन मोठं वगैरे काही नाही. तुमच्या नावाशेजारी ती एकटी उभी राहिलेली मला बघवलं नसतं, म्हणून मी मध्ये शिरले.