हेलाला उत्तर

रविवार, १२ एप्रिल १९६४. कवठे महांकाळ

एष्टीत एका बयेनं माज्या मांडीवर कोंबडी ठेवली ती विट्यापतोर उचलली न्हाई. लुगडं घाण झालं तर म्हंती, आजी, शुभ असतं. तुज्या घरी ने तुजं शुभ. असो. राम राम. पोचले.

सोपानचं नवं घर झ्याक हाय. पत्र्याच्या दोन खोल्या, परसात लिंब, दारातनं ओढ्यापतोरची वाट दिसती. वाऱ्याला जागा लय. पोरगं एष्टीवर डायवर, घरी गावंल तवा खरं. सून येसू सात म्हैन्यांची पोटुशी, तिच्यासाठीच आले. पोरगी गुणाची पन रडवी. कांदा चिरायच्या आधीच डोळं भरत्यात. चार यत्ता शिकलीया, गेल्या दिवाळीला तिनंच मला अक्षरं शिकवली. आता ही वही दिली. म्हंती, आत्याबाई, रोज चार वळी लिवा, हात वळंल.

येताना मेढ्याकडं म्हायेरी उतरून आईला भेटले. म्हातारी खुटखुटीत. आजूनबी मयताला गेली की गल्लीच्या तोंडापासनं असा हेल काढती की जेवनारी माणसं ताट सोडून उठत्यात. आनि हेल संपला की फर्रकन नाक शिंकरती, मगच पुढचा. मला म्हनली, हरणे, तुला रडाय येत न्हाई, माज्या मागं तू उभी ऱ्हाशील जात्याच्या खुट्यावानी. मी म्हनलं, आधी मर तरी. दोघी लय हसलो.

गुरुवार, १६ एप्रिल

गावात पटकी आली. ओढ्यापाशी दोरी बांधली, शिपाई बसवला, वाटंवर चुना टाकला. सुई टोचणारा येऊन दंड सुजवून गेला. सोपान तासगावला अडकला, कुनाला आत सोडत न्हाईत. पानी उकळून पितोय. येसू सारखी दाराकडं बघती. म्हनलं, बघून नवरा येत असता तर मी माजा कवाच आनला असता.

सोमवार, २० एप्रिल

टपालवाल्यानं दोरीपलीकडनं कार्ड फेकलं. भाऊ ज्ञानूचं. येसूनं वाचलं. आई गेली. तिकडंबी पटकी. खांद्याला माणसं गावली न्हाईत, बैलगाडीतनं नेली. शिपायानं बायकांना उंबऱ्याच्या भायेर येऊ दिलं न्हाई. कुनी हेल काढला न्हाई.

येसू रडली. मी भाकरी थापल्या. कुनीतरी थापाय पायजेत.

शेजारची भामाबाई दुखवट्याचा कडू घास घेऊन आली, हितल्या शिपायानं दंडुका आपटला, तशीच मागं गेली. चार बायका एके जागी बसू देत न्हाईत. आमच्याकडची रीत अशी की दुखवट्याला येनारी बाई लांबनंच हेल काढती, घरातल्या बाईनं हेलानंच उत्तर द्यायचं, मग ती उंबरा वलांडून गळ्यात पडती. उत्तर मिळंपतोर ती दारात उभी ऱ्हाती. आई कवा उत्तराबिगर माघारी आली न्हाई. एकदा म्हनं दिस कलंपतोर उभी व्हती.

माज्या डोळ्याला पानी न्हाई. आपलं न्हाई तर न्हाई.

बुधवार, २२ एप्रिल

भर दुपारी ओढ्याकडनं हेल आला. बाईचा. आमच्या मेढ्याच्या वळनाचा. येसू म्हनली, आवं आत्याबाई, तुमच्याकडचं कुनीतरी आलं वाटतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिवू? दारात गेले तर वाट मोकळी. शिपायाला इचारलं तर म्हनला, म्हातारे, ऊन लागलं तुला, हितनं कुत्रंबी गेलं न्हाई.

गुरुवार, २३ एप्रिल

आज जवळनं. लिंबापाशी. मी निखाऱ्यावर पापड भाजत व्हते, जळला. लिंबाखाली कुनी न्हाई, सावलीतली कोंबडी तेवढी उठून पळाली.

हेल संपला तवा नाक शिंकरलं. फर्रकन.

मी दार लावलं. येसूला म्हनलं, वारा हाय. वारा नाक शिंकरतो का, असं ती बोलली न्हाई. पन तिनं माज्या तोंडाकडं बघितलं.

शुक्रवार, २४ एप्रिल

आज माजं नाव घेतलं. हरणे गंऽ, तुज्या सोपानच्या येळंला मी भरली नदी वलांडून आले गंऽ. खरं हाय ते. कंबरंपतोर भिजून आलती. मला अन् तिलाच ठावं.

मी गप बसले. दात आवळून.

तवर चुलीपासनं येसूनं हेल काढला. या गं बाई, या. मी तिच्या तोंडावर हात दाबला, पन उशीर झालता. म्हंती, दारात आल्याली बाई बिनउत्तराची उभी ठेवायची, कसं दिसतं ते? रडवी मेली. रीत पाळली तिनं. रीतच पाळली.

भायेर एकदम गप झालं. आन् येसू पुढं वाकली, कुनी गळ्यात पडल्यावानी. मान वाकडी. म्हनली, आत्याबाई, लय गार हाय ह्यो हात.

मला कुनी दिसलं न्हाई. उंबऱ्याच्या आत वल्लं व्हतं.

शनिवार, २५ एप्रिल

येसूला पहाटंपासनं जुलाब, उलट्या. डोळं आत गेलं. सुईवाल्याला हाक मारली, तो म्हनला, सांजच्याला येतो. मीठसाखरंचं पानी पाजते. ऱ्हात न्हाई.

दुपारी परत. उंबऱ्यात. सुनंचं उत्तर तिला पुरलं न्हाई. लेक कुटं हाय, म्हंती. लेक कुटं हाय गंऽ.

हितंच हाय की, म्हातारे. पोरीला सोड.

रविवार

पोटातलं हालत न्हाई. येसू म्हंती हालतंय. मी हात ठेवला — न्हाई.

सुईवाला आला न्हाई.

आज मी उत्तर देनार. तोंड उघडलं. हवा आली नुसती. परत उघडलं — खुट्यावानी उभी. म्हनलीच व्हती ती. आवाजच न्हाई मला. आयुष्यात कवा काढला न्हाई, आता कुटनं आनू —

सोमवार

हेल चालू. आता घरात. चुलीपाशी. नाक —

साधं बोलनंबी गेलं माजं. म्हनून लिवते.

येसूचं व्हट हालायल्यात. उत्तर द्याय बघती. वही तिच्या डोळ्याम्होरं धरते —

येसू, वाच. तोंड उघडू नगंस. तू परकी हाईस तिला. मला थोडी येळ दे, येतंय, गळ्यात काय तरी येतंय. ह्या घरात उत्तर द्यायचं ते लेकीनं. सुनंनं न्हाई. तू न्हाई येसू, मीच, तू न्हा —