चौकट बुजवणे, भाग चौथा

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून एक कोठी. कोठीला दार नाही, नुसती चौकट. आतून ओलीचा वास येतो. नळ गळतो, खिडकीची कडी बसत नाही. पण घर माझं आहे, भाड्याचं का होईना. एकोणीस वर्षं नवऱ्यानं मला स्क्रूड्रायव्हर हातात धरू दिला नाही. तो गेल्यावर दोन वर्षं वहिनीनं घासणी खाली ठेवू दिली नाही. दादानं बजावलंय, सोळाला येऊन बघतो, घर राहण्याजोगं नसेल तर मुकाट्यानं परत यायचं. वहिनी हसली. म्हणाली, अहो, वन्संना साधा बल्ब बदलता येत नाही.

५ तारीख, बुधवार

मोबाइलवर घरदुरुस्तीचे व्हिडिओ टाकणारे एक मास्तर सापडले. चेहरा दाखवत नाहीत, फक्त हात. डावखुरे आहेत. आवाज मऊ, वाक्यावाक्याला ‘ताई’. त्यांचं बघून नळाचा वायसर बदलला. थेंबसुद्धा नाही! मी नळासमोर उभी राहून चक्क टाळ्या वाजवल्या.

शेजारच्या शिवणवाल्या बाई डोकावल्या. म्हणाल्या, तुमच्या आधीच्या बाईही अशाच, सगळं मोबाइलवर बघून करायच्या. माझ्याकडे कपडे शिवायला टाकले, ते न्यायला काही आल्या नाहीत.

९ तारीख, रविवार

कडी बसली. दादाला फोनवर सांगितलं, तर म्हणे कोठीचं काय? असल्या कुबट वासात माणसं राहतात होय?

मास्तरांनी आजच नवीन टाकलंय : नको असलेली चौकट विटांनी बुजवणे, चार भाग. विटाही कोठीतच रचलेल्या आहेत, जुना सिमेंटचा माल चिकटलेल्या. चौकटीच्या कडांना विटांचे तुटके दात आहेत. कधीतरी बुजवली असावी, मग फोडली.

१३ तारीख, गुरुवार

विटा आत, म्हणून कामही आतूनच. मास्तरही आतूनच करतात. भिंत कमरेला आली, अगदी ओळंब्यात, सरळ उभी. ओलांडून बाहेर येते. दादा फोनवर खो खो हसला. भिंत? आणि तू?

मास्तरांच्या मागे एक निळी बादली दिसते, कान तुटलेली. माझ्या बादलीचा कान कालच तुटला.

१५ तारीख, शनिवार

छातीपर्यंत. चढून बाहेर यावं लागलं. मास्तर मध्येच थांबून म्हणाले, ताई, खालून तिसऱ्या थरातली दुसरी वीट हलतेय. खरंच हलत होती.

थापी मी डाव्या हातात कधीपासून धरायला लागले?

दादाला फोन लावला. वाजायच्या आत तोडला. तो हेच म्हणणार की —

१६ तारीख, रविवार

आत आहे. मोबाइलच्या उजेडात लिहितेय. वर एक भोक, हातात एक वीट. मोजून तेवढ्याच होत्या. बाहेर कसं यायचं ते भाग चारमध्ये नाही — पुढेमागे करून पाहिलं —

माल ओला आहे. भिंत आत्ता ढकलली तर पडेल.

दादा-वहिनी आले. दार लोटलेलंच होतं. नळ सोडून बघताहेत. नुसती हाक मारली तरी —

वहिनी म्हणते, प्लंबर बोलावला असणार. दादा म्हणतो, मग काय, हिला थोडंच झेपणार होतं? पळाली बघ कुठेतरी.

हाक ओठावर होती. गिळली.

मास्तर म्हणताहेत, शाब्बास ताई, आता शेवटची. वीट नेमकी बसते आहे, फटीतून एक दोराही —