माशाचे हात आणि बंदूक

कोडियाक बेट,
८ मे १९९६

चि. आनिसियास लारियनकाकाचे अ. आ., आणि वर एक काम.

बर्फ वितळलं, होडीला रंग दिला, माझा दुखरा खांदा आहे तसाच आहे. फेडोरला, तुझ्या बाबांना, जाऊन ऑक्टोबरात वर्ष होईल. त्या दिवशी गावाला जेवण घालायचं ते फेडोरच्या स्वतःच्या ओढ्यावरच्या सॅमनचं, असं मी चर्चमध्ये सगळ्यांदेखत बोलून बसलोय. तेव्हा जूनमध्ये ओढ्यावरच्या आपल्या मासेमारीच्या तळावर जाणार. एकटा. गावातले धडधाकट लोक तेव्हा बोटींवर असतात, तुला माहीतच आहे.

आजवर फेडोर मासे कापायचा आणि मी रायफल घेऊन त्याच्या मागे बसायचो. आता कापायचंही मीच आणि बसायचंही मीच. ती तीन-पंच्याहत्तरची लांब, जड रायफल एका हातात सुरी असताना काय कामाची? तू अँकरेजला नदीवर मासे मोजायला जाणाऱ्या पोरापोरींना अस्वलापासून जीव वाचवायला बंदूक शिकवतेस. मग काकाला फुकटात सांग, कमरेला लावायचं चव्वेचाळीसचं रिव्हॉल्व्हर घेऊ का? आमचा दुकानदार एक जुनं माझ्या गळ्यात मारायला टपलाय.

उत्तर टपालाच्या विमानाने पाठव. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं पटत नाही.

तुझा काका,
लारियन


अँकरेज,
१७ मे

ती. लारियनकाकांना सा. न. वि. वि. विशेष म्हणजे पत्राला माशाच्या तेलाचा वास होता, पाकिटावर नाव नसतं तरी चाललं असतं.

रिव्हॉल्व्हर घेऊ नका. माझ्याकडे शिकायला येणारा प्रत्येक जण आधी तेच मागतो. कमरेला काहीतरी लटकलं की माणसाला धीर येतो. पण आखूड नळीने धावत्या अस्वलावर नेम धरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि झटका मनगटाला बसतो तो वेगळाच. मी पोरांना बारा बोअरची, नळीखालचा पंप ओढून गोळी चढवायची बंदूक देते. छर्रे नाहीत, अखंड गोळ्या. जोडीला तिखटाचा फवारा. पुष्कळदा अस्वल त्यानेच माघारी फिरतं. मारलंत तर कातडं आणि कवटी सरकारजमा करावी लागते, तेवढे तुमचे कष्ट वाचतील.

शिवाय माशाचा हात बंदुकीला लावायचा नाही, हा आपल्या घरातला नियम कोणाचा? लहानपणी चिकट हाताने रायफलीला हात लावला म्हणून तुम्ही मला दिवसभर होडीत बसवून ठेवलं होतं. आणि आता तुम्हीच मासा सोडून रिव्हॉल्व्हर उपसणार?

ऐकणार नसाल तर निदान परीक्षा द्या. फळीवर पुठ्ठा उभा ठोका, फळीला लांब दोरी बांधा. शेजारच्या पारास्कोवियामावशींनी तुमच्या मागे उभं राहून दोरी जोरात ओढायची. पुठ्ठा तुमच्या अंगावर येईल. हात माशात घातलेले, हातात सुरी, तिथून सुरुवात. काय झालं ते मावशींनी लिहावं, तुम्ही नको. तुम्ही थापा मारता.

लोभ आहे तो राहू द्यावा, राग आला असेल तर टाकून द्यावा.
आनिसिया


कोडियाक बेट,
२९ मे

चि. आनिसियाला शेजारच्या पारास्कोवियामावशीकडून खूप खूप आशीर्वाद आणि एक तक्रार. या वयात मला अस्वल करून वाळूवर पळवलंस, भले शाब्बास!

परीक्षा झाली. रिव्हॉल्व्हर दुकानदाराचं मागून आणलं होतं. पहिली गोळी वाळूत, दुसरी समुद्रात. तिसऱ्या वेळी ते हातातून सटकलंच. पुठ्ठा लारियनच्या बुटांना येऊन टेकला. मग तुमची रायफल ओंडक्याला टेकवून ठेवली. त्याने सुरी टाकून, हात पुसून ती उचलेपर्यंत पुठ्ठा गुडघ्याशी. वाऱ्यामुळे फवाऱ्याचं नाव काढायचं नाही म्हणाला. तिखट त्याच्याच डोळ्यांत जाईल आणि अस्वलाला आयता तिखट लावलेला म्हातारा मिळेल म्हणे.

शेवटी कोरडे हात, रायफल आधीच खांद्याला, असा एक बार काढला. पुठ्ठ्याच्या कडेला लागला. पण नंतर संध्याकाळभर त्या हाताने चहाचा कप उचलता आला नाही त्याला. आणि खरं सांगू का, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी त्याला दिसत नाही. धुकं आहे म्हणाला. धुकं नव्हतं गं. मी भात आणि सॅमन भरून पिरोक भाजून दिलं, ते खाल्लं आणि घरी गेला. मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस.

मुलाबाळांत सुखी राहा, मुलंबाळं झाली की.
पारास्कोविया


अँकरेज,
५ जून

ती. काकांना सा. न. वि. वि.

सरळ लिहिते. यातली कुठलीच बंदूक तुमच्यासाठी नाही. मोठी घेतली तर खांदा जाईल, लहान घेतली तर नेम नाही. माझ्याकडे कुणी असा निकाल घेऊन आला असता तर मी त्याला नदीवर पाठवलंच नसतं. तळावर जाऊ नका. बोटींवरून मासे विकत घेऊ, धुरी देऊन सुकवायचे ते गावातच सुकवू. बाबांना काही वाटणार नाही. मला तुमची भीती वाटते, काका. एका वर्षात दोघं नकोत.

लोभ कमी झालेला नाही, म्हणून तर नाही म्हणते.
आनिसिया


कोडियाक बेट,
११ जून

आनिसियास. आशीर्वाद या खेपेला थोडेच.

विकतचा मासा? फेडोरच्या जेवणाला? उद्या चर्चसाठी मेणबत्त्याही दुसऱ्याच्या घरून उसन्या आण म्हणशील. तो ओढा आमच्या बापाने आम्हाला दाखवला. भावाच्या नावाने गावाला जेवायला बसवायचं आणि ताटात कुठलातरी मासा वाढायचा, हे माझ्याने होणार नाही.

मी पंचवीस तारखेला निघतोय. रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. पारास्कोवियाने तुला काय काय कळवलं ते तिच्या तोंडावर दिसतंच आहे. मला अस्वलाने खाल्लं तर ऑक्टोबरात दोघांचं जेवण एकदम उरकून टाका, खर्च वाचेल.

लारियन


अँकरेज,
१७ जून

ती. काकांना सा. न. वि. वि., आणि रागावू नका, हे पत्र भांडायला नाही.

कमरेची घ्यायची की खांद्याची, यावर आपण महिनाभर पत्रं खरडली. मूर्ख मी जास्त, कारण हे शिकवायचा मी पगार घेते. मासे कापणाऱ्या माणसासाठी बंदूक नसतेच. आपल्या घरात ती नेहमी मागे बसणाऱ्याची होती. तुम्ही मला बंदूक विचारलीत आणि मीही बंदूकच सांगत राहिले. मागे बसणारं माणूस तुमच्याकडे नाही, हे दोघांपैकी एकानेही कागदावर लिहिलं नाही.

मी चोवीस तारखेच्या विमानाने येते. जूनमध्ये रजा मागितली म्हणून साहेब कुरकुरले, मग दिली. माझी बारा बोअर घेऊन येते. दुकानदाराला त्याचं परत करा.

मला मासा धड कापता येत नाही, तेवढं मात्र शिकवायला लागू नका.

लोभ आहेच, प्रत्यक्ष भेटीत मोजून घ्या.
आनिसिया


ओढ्यावरचा तळ,
३ जुलै

ती. पारास्कोवियामावशींना आनिसियाचा सा. न. वि. वि.

पीठ आणि चहा घेऊन होडी येतेय, तिच्या परतीबरोबर हे पत्र देते. मासा उत्तम आहे. धुरीच्या झोपडीत आता वाकल्याशिवाय शिरता येत नाही, इतका टांगलाय. काकांची तब्येत बरी. दिवसभर सुरी चालते आणि तोंडही. माझ्या बसण्यात खोट, चहात खोट, बंदूक धरण्यात खोट. बाबांनी इतकी वर्षं हे कसं सोसलं देव जाणे.

काल अस्वल आलं. काका फळीवर मासा कापत होते, पाठ झुडपांकडे. मी मागे खोक्यावर. मोठा नर होता, अंग ओलं. झुडपांतून निघाला आणि थेट आमच्याकडे चालत आला. मी उभी राहिले, बंदूक खांद्याला लावली, पंप ओढून गोळी चढवली. तो आवाज काकांना ऐकू आला असणारच. पोरांना शिकवते तसं अस्वलाशी हळू आवाजात बोलत राहिले, की बाबा रे, ही जागा घेतलेली आहे, तू वरच्या वळणावर जा. तो थांबला. मागच्या पायांवर उभा राहून त्याने वास घेतला. मावशी, नळी हलली नाही. बराच वेळ असं चाललं. मग तो खाली झाला आणि ओढ्याकाठाने वर निघून गेला. मी बार काढला नाही.

एवढं होईस्तोवर काकांची सुरी एकदाही थांबली नाही. त्यांनी मान वळवून बघितलं नाही. अस्वल दिसेनासं झाल्यावर मी ओरडलेच त्यांच्यावर, की वळून तरी बघायचं होतं! त्यावर म्हणाले, फेडोर कधी वळला नाही, मग मी का वळू? आणि तुझी सावली माशावर पडतेय, जरा बाजूला सरक.

मला रडू आलं, मावशी. पण बंदूक दोन्ही हातांत होती, डोळे पुसता आले नाहीत.

जेवणाला पिरोक तुम्हीच करायचं आहे.
आनिसिया