सात नंबरचा डबा

४ फेब्रुवारी
बाईंना सांगून टाकलं — तिसरा महिना! आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख त्या, कधीतरी सांगावंच लागणार होतं. पाठीवर थोपटलं, "जप" म्हणाल्या. दगडांची पोती उचलायची बंदी. बरंच झालं!

५ फेब्रुवारी
उद्यापासून बाई रजेवर. का? विचारायची कोणाची छाती!

१४ फेब्रुवारी
बाई आल्या आणि टेबल थेट पॅसेजच्या टोकाला नेलं! मी दारात गेले तर हात वर करून थांबवलं — काय असेल ते फोनवर. महिना झालेल्या डब्यांना मोजणीच्या चिठ्ठ्या लावायलाही आता मी घरी गेल्यावर येतात. पोटुशी म्हणजे बिनकामाची, असंच ना? मोजणीचं यंत्र माझ्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं. आता ते बाईंच्या लाडोबाला मिळणार. शेजारच्या टेबलावर बसून दिवसभर नुसता गोड बोलतो मेला. खूप वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी
सासूबाईंना माझं काम पुन्हा समजावलं. दगड दळायचा, डब्यात घट्ट बंद करायचा, महिनाभर ठेवायचा, मग चिठ्ठी लावून शिशाच्या जाड पेटीत दिवसभर त्याचे किरण मोजायचे. किलोभर दगडात युरेनियम दोन-तीन मिलिग्रॅम! त्या म्हणाल्या, "लोक राईचा पर्वत करतात, तू पर्वतातून राई काढतेस." एवढी हसले की उचकी लागली.

१८ फेब्रुवारी
सात नंबरच्या डब्याच्या आलेखात भलतंच टोक! युरेनियमचं नाही, थोरियमचं नाही, पोटॅशियमचं तर नाहीच. पेटी पुसली, यंत्राला शिव्या घातल्या. टोक ढिम्म.

२० फेब्रुवारी
आठ नंबरातही तेच. पाच-सहा मात्र स्वच्छ होते. "तुझाच काहीतरी घोळ," लाडोबा म्हणाला, साखरेत घोळून. यंत्र गेलंच हातचं!

२१ फेब्रुवारी
किरणांचा तक्ता चाळला. किरणोत्सारी आयोडीन! गळ्यातल्या ग्रंथीच्या उपचारासाठी दवाखान्यात पाजतात ते. कुठल्याही दगडात सापडायचं नाही.

२२ फेब्रुवारी
सापडलं! पाच-सहाच्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या होत्या, गोंदाने. सात-आठच्या बाईंनी — जिभेने! "इथे पाणीसुद्धा प्यायचं नाही" म्हणून आम्हाला दरडावणाऱ्या बाई, स्वतः मात्र टपालवाल्यासारख्या चिठ्ठी चाटतात. जुनी खोड. हातमोजे घालून सातची चिठ्ठी सोलली, एकटीच मोजली. टोक चिठ्ठीतच! दगड निर्दोष, यंत्र निर्दोष, मीही निर्दोष. खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.
मग एकदम हसू थांबलं. ते आयोडीन बाईंच्या थुंकीत आलं कुठून?

२३ फेब्रुवारी
धीर करून फोन लावला. बाई जराही दचकल्या नाहीत. गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली, तेच औषध घेतलंय, डॉक्टर म्हणतात बरी होईन. चिठ्ठ्यांचं ऐकून मात्र ओशाळल्या, तीनदा माफी मागितली. मला रडू आवरेना. म्हटलं, बाई, मला वाटलं यंत्र काढून घेताय.
"वेडी की काय! यंत्र तुझंच आहे. मला लांब राहायला सांगितलंय ते तुझ्या बाळापासून."