कुंचीवरचा लाल टाका

मी, सगुणाबाई शमुवेल उजागरे, वय सदुसष्ट, धर्माने ख्रिस्ती, राहणार चिंचवड स्टेशन, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. पाय सुजले आहेत, डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्या भाच्याने उगाच शंका काढू नये.

१. स्टेशनमागचे दोन खोल्यांचे घर यजमानांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी आमच्या चर्चच्या महिला मंडळास देते. मंडळाने पुढच्या खोलीत दर बुधवारी बसून गोरगरिबांच्या बाळांसाठी कुंच्या-दुपटी शिवावीत. अट एकच, कुंचीवर क्रूस काढायचा नाही.

अट का, ते मंडळाच्या अध्यक्षीण शालनबाईंना ठाऊक आहे, इतरांसाठी लिहिते. पूर्वी आम्ही प्रत्येक कुंचीवर लाल दोऱ्याने क्रूस भरत असू. एका थंडीत पिंपरीला, नव्या कारखान्याच्या मजुरांच्या झोपड्यांत त्या वाटल्या. पुन्हा गेले तर तिथल्या गोजाबाईंचा तान्हा नातू गोणपाटात गुंडाळलेला, छाती घरघरतेय, आणि कुंची खुंटीवर तशीच.

"बाई, त्येच्यावर तुमचं निशाण हाय. घरातली म्हंत्यात, बाटवायला आल्यात," गोजाबाई म्हणाल्या.

मी कुंची खुंटीवरून काढली. तिथेच बसून क्रूस उसवला आणि कुंची पोराच्या डोक्याला बांधली. पोर जगले, देवाची कृपा.

पुढच्या बुधवारी उरलेल्या कुंच्याही उसवायला घेतल्या. शालनबाई कडाडल्या, "मग कुणी दिलं हे कळणार कसं?"

मी म्हटले, "बाळाला ऊब कळली की झालं."

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी माझ्या घरचा चहा घेतला नाही. बुधवार मात्र एकही चुकवला नाही, हेही लिहिले पाहिजे.

अट मोडल्यास घर भाचा भिमाजी यास जावे. तो ते विकून मोकळा होईल, हे मंडळाने ध्यानात ठेवावे.

२. शिवणयंत्र शेजारच्या झुलेखाला. आजारपणात तिने माझे पोटच्या लेकीसारखे केले. ती बुधवारी मंडळात येऊन शिवेल. मुसलमान बाई आपल्यात कशी, म्हणून कोणी नाक मुरडू नये.

३. भिमाजीस यजमानांचे घड्याळ. लग्नासाठी म्हणून नेलेले माझे पितळी घंगाळ त्याने अजून आणलेले नाही. तेही त्यालाच राहू द्या, मी नाद सोडला.

४. उसवलेला लाल दोरा मी फेकलेला नाही. बिस्किटांच्या डब्यात गुंडाळून ठेवला आहे. माझ्या शवपेटीवर जे पांढरे कापड घालाल, त्यावर त्याच दोऱ्याने क्रूस भरावा. तो शालनबाईंनीच भरावा, त्यांचा टाका माझ्यापेक्षा देखणा आहे. तो मात्र कोणी उसवायचा नाही.

या सर्वाची अंमलबजावणी शालनबाईंनी करावी. भांडल्या तरी काम अर्धे सोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

चिंचवड, ता. ११ जानेवारी १९५७
सही: सगुणाबाई शमुवेल उजागरे

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
मारुतराव काळभोर, आकुर्डी
शालनबाई याकोब रणभिसे, चिंचवड. अट वाचली, पटली नाही, पण पाळीन. क्रूस मीच भरीन.